आबांच्या कळशीतलं शेवाळ

कर्जतला जाऊन आले म्हटलं की लोक विचारतात, माथेरानला चढलात का, कोंडाण्याची लेणी पाहिलीत का. माथेरानला मी गेले नाही. लेण्यांच्या दारापर्यंत दोन वर्षांत दोनदा गेले आणि दोन्ही वेळा लेण्यांकडे पाठ करून शेजारचा ओला कातळ बघत बसले. माझा प्रवास त्या कातळावरच्या शेवाळासाठी होता. ज्यांना शेवाळात गोडी नाही त्यांनी मधला एक परिच्छेद गाळला तरी चालेल, पण मग मी तीन दिवस कशासाठी जीव टांगून फिरत होते ते कळायचं नाही.

तो परिच्छेद असा. शाळेच्या पुस्तकात ज्याला हरिता म्हणतात ते कातळावरचं मऊ शेवाळ, आणि त्याच्या वरच्या पायरीवरचे नेचे, यांना फूल नाही, बी नाही. धुळीसारख्या बीजाणूंवर त्यांचा संसार चालतो. त्यांच्या पेशींच्या भिंतीत साखर चिकटलेली प्रथिनं असतात. किती असतात ते मोजायचं तर त्यातलं हायड्रॉक्सिप्रोलीन नावाचं एक द्रव्य मोजतात. भिंत आम्लात शिजवायची, औषध घालायचं, गुलाबी रंग येतो; रंग जितका गडद तितकं द्रव्य जास्त. मोठ्या झाडांत ते असतं हे ठाऊक होतं. शेवाळात ते नगण्य असावं असा सर्वांचा समज. गेल्या पावसाळ्यात मी कोंडाण्याचं शेवाळ पुण्याला आणलं, शिजवलं, आणि रंग आला तो चांगला जास्वंदी. माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण त्या रंगावर उभं राहिलं. मी घरी पेढे नेले होते, हेही सांगून टाकते.

मग या वर्षी जूनमध्ये मार्गदर्शक सरांनी ते प्रकरण वाचलं आणि चष्मा काढून एकच प्रश्न विचारला. "शेवाळ बर्फात आणलंत. बर्फ कुठला होता?"

मी म्हटलं, "कर्जतचा."

"कर्जतला बर्फ कोण वापरतं?"

मासेवाले, हे मला माहीत होतं. हे द्रव्य झाडांशिवाय आणखी एका ठिकाणी भरपूर सापडतं: जनावरांच्या कातड्यात, हाडांत, आणि माशांच्या खवल्यांत.

शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपणार होती आणि शेवाळ पावसाळ्यातच मिळतं. रंग शेवाळाचा की माशाचा, हे ठरवायला हाच एक पाऊस हातात होता. त्या दिवसापासून मला नीट झोप लागली नव्हती.

कर्जत

आषाढाच्या शेवटच्या आठवड्यात निघाले. दोन रुंद तोंडाचे थर्मास, त्यात प्रयोगशाळेच्या यंत्राचा बर्फ, आणि दर तासाला झाकण उघडून तो किती उरला ते बघायची मला लागलेली वाईट सवय. झाकण उघडल्यानं बर्फ लवकर वितळतो हे मी स्वतः विद्यार्थ्यांना शिकवत असे.

कर्जतला उतरल्यावर चहासुद्धा न घेता स्टेशनबाहेरच्या बर्फवाल्याकडे गेले. लाकडी पेटी, वर भाताचा तूस, तूस झटकून बर्फ फोडणारा तोच काळा, हसरा माणूस. त्यानं मला ओळखलं.

"तुमी गेल्या वर्साला आलेल्या नं? पाला भरून नेलेला."

मी विचारलं, "तेव्हा तुम्ही मला बर्फ कुठल्या पेटीतला दिला होता?"

"पेटी एकच हाय, ताई."

"आणि मासळी कुठं ठेवता?"

माझ्या अडाणीपणाची त्याला कीव आली असावी. त्यानं गोणपाट उचलून दाखवलं. खाली बर्फ, बर्फावर पापलेटं, त्यावर पुन्हा बर्फ. "तुमाला घाई व्हती. मी वरचा, चांगला पांढरा बघून दिला. पानी टाकून धुतला बी." त्याचा आवाज दुखावलेला होता. मी त्याला दोष देत नव्हते, पण माझा चेहरा काय सांगत होता कोण जाणे. त्याच्या पेटीच्या कडेला चिकटलेले खवले उन्हात अभ्रकासारखे चमकत होते. मी त्याच्याकडून काही न घेता निघाले आणि खताच्या पोत्यांच्या टेंपोत जागा मिळवून कोंडाण्याच्या वाटेला लागले.

कोंडाणे

गेल्या वर्षी पावसात भिजून ज्या घरच्या ओसरीवर थांबले होते त्याच घरी याही वर्षी उतरले. घरात अनुसयाबाई, चाळिशीच्या, उंच, बोलायला मोकळ्या. त्यांचा नवरा लावणीच्या कामात दिवसभर शेतात. आणि सासरे आबा, पंचाहत्तरीचे, गळ्यात तुळशीची माळ.

मी गेले तो आठवडा कसा होता हे मात्र मी पुण्याहून निघताना विचारात घेतलं नव्हतं. श्रावण तोंडावर आला होता. श्रावण लागला की गणपती होईपर्यंत मासळी बंद, म्हणून त्याआधी सगळं गाव मासे खाऊन घेत होतं. त्यात ओढ्याच्या पाण्याबरोबर वर चढणारे मासे, ज्यांना तिकडे वलगणीचे मासे म्हणतात, शेताच्या बांधाबांधातून हातानं धरता येत होते. अंगणात मासे, विळीवर मासे, वळचणीच्या पाण्यात खवले. आमच्या रत्नागिरीकडे आषाढात सुकटीवर भर असतो, पण ताज्या माशांची अशी चंगळ मी घरी पाहिली नव्हती. एरवी मी आनंदानं पाट मांडून बसले असते. मासळीशिवाय माझं लहानपण गेलेलंच नाही.

अनुसयाबाई हात पुसत बाहेर आल्या आणि माझी पिशवी उचलायला वाकल्या. त्यांच्या मनगटाला दोन खवले चिकटले होते.

"नको," मी जवळजवळ ओरडले. "पिशवीला हात लावू नका."

त्या थांबल्या. मी घाईघाईनं म्हटलं, "यात मासळीचा हात लागलेला चालत नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. एवढंच. त्या आत गेल्या.

रात्री माझं ताट वेगळं मांडलं. नवी पत्रावळ, आबांच्या चुलीवरची आमटी, भाकरी. आबा माळकरी; घरात मासळी असली की त्यांची चूल, ताट, पाण्याची तांब्याची कळशी सगळं ओसरीच्या कोपऱ्यात वेगळं. मला त्यांच्या पंक्तीला बसवलं. आतून तळलेल्या माशांचा वास येत होता आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. पण सकाळी ज्या बोटांनी शेवाळ उचलायचं त्या बोटांना मी आज मासा लावणार नव्हते.

अनुसयाबाईंनी दारातूनच विचारलं, "आमटी चालंल ना? बामनाघरची सवय तुमाला."

मी ब्राह्मण नाही आणि माझं सोवळंही नाही, हे त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पण मग द्रव्य, खवले, चौथं प्रकरण, सगळंच सांगावं लागलं असतं, आणि मला वाटलं की प्रकरण बुडण्याची गोष्ट तोंडानं बोलले तर ते खरंच बुडेल. मी नुसतं "चालेल" म्हटलं. गेल्या वर्षी या बाईनं मला स्वतःचं लुगडं नेसायला दिलं होतं. मला फार लाज वाटली.

दुसरा दिवस, तिथंच

पहाटेपासून पाऊस कोसळत होता. कातळ ओढ्याच्या पलीकडे आणि ओढा दोन्ही काठ धरून वाहत होता. अनुसयाबाईंचा नवरा बघून आला आणि म्हणाला, "आज नाय जमणार. बैल बी नाय घालत आमी."

मी ओसरीवर बसले. थर्मास उघडला, बंद केला. दुपारी बारापर्यंत एका थर्मासात नुसतं पाणी उरलं होतं, दुसऱ्यात लिंबाएवढे चार खडे. जवळचा बर्फ म्हणजे कर्जतची ती पेटी. मी कागदावर हिशेब मांडत होते: ओढा संध्याकाळी उतरला तर, उद्या सकाळी उतरला तर, पुण्याला जाऊन परत आले तर. प्रत्येक हिशेबात बर्फ आधी संपत होता. शेवटी माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला मी पुन्हा थर्मासात बघितलं.

आबा समोर दोरी वळत बसले होते. त्यांनी सकाळपासून हे सगळं पाहिलं असणार.

"त्या डब्यात काय हाय गं पोरी?"

"बर्फ. आता नाही राहिला."

"बर्फ कशाला?"

मग मी सांगितलं. पहिल्यापासून, सगळं. भिंत, द्रव्य, गुलाबी रंग, कर्जतची पेटी, सरांचा प्रश्न. कापल्यावर शेवाळ आतून बिघडायला लागतं, म्हणून ते थंड ठेवायचं, तेही मासळी न लागलेल्या बर्फात. मी बोलत असताना आतलं भांड्यांचं वाजणं थांबलं होतं.

आबांनी दोरीला पीळ दिला. "बर्फात मेलेलं ठेवत्यात. मासा मेला म्हनून त्याला बर्फ. तुजं शेवाळ मेलंय काय?"

"कापल्यावर..."

"मंग कापतीस कशाला?" त्यांनी हातानं समोरच्या खाचराकडे दाखवलं. तिकडे भाताच्या रोपाला आवण म्हणतात. उपटलेल्या आवणाच्या मुठी बांधावर पाण्यात उभ्या होत्या, उद्याच्या लावणीसाठी. "त्ये काल उपाटलंय. उद्या लावायचं. त्याला कोन बर्फ घालतो? मुळाला त्याचं पानी लावून ठेवलं का दोन दिस जितं ऱ्हातंय. शेवाळाला तर दगूडच पुरतो. दगडासकट ने. पुन्याला गेल्यावर काय कापायचं ते काप."

मी थर्मासाचं झाकण लावलं. परदेशातल्या ज्या लेखावरून मी पद्धत उचलली होती त्यात बर्फ लिहिला होता, म्हणून मी बर्फ नेला होता. तिकडच्या लोकांचा प्रवास, त्यांचं रोप, त्यांची घाई निराळी असेल. मी मात्र वर्षभर जिवंत शेवाळाला पापलेटासारखं वागवत होते, आणि माझ्याकडे वनस्पतिशास्त्राच्या दोन पदव्या होत्या.

अनुसयाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. "म्हंजे सोवळं नाय व्हय तुमचं?"

"नाही हो. मी रत्नागिरीची. मासे मला फार आवडतात."

"दोन दिस आमी ताटं लपवून जेवतोय," त्या म्हणाल्या. "आदी सांगायचं ना गं." हे 'गं' ऐकून मला बरं वाटलं. लगेच त्यांनी विचारलं, "मंग आज खाशील?"

मी नाही म्हटलं. उद्या शेवाळ हातात घ्यायचं होतं. पुण्याला रंग बघेन आणि मग खाईन, असं मी त्यांना कबूल केलं. त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते फारसं पटलं नव्हतं.

कातळ

तिसऱ्या दिवशी ओढा गुडघ्यापर्यंत उतरला. आबा म्हणाले, घरात मासळी न लागलेले हात माझेच, मी येतो. मी नको म्हटलं. पंचाहत्तरीचा माणूस, शेवाळलेला कातळ, आणि सगळं माझ्या एका प्रकरणासाठी. वाटभर मी "जपून, आबा" म्हणत राहिले आणि ओढ्यात घसरून पडले ती मीच. गुडघा फुटला. आबांनी मागं वळून पाहिलं आणि पुढे चालू लागले.

लेण्यांच्या तोंडावरून पाण्याची जाड धार पडत होती. मुंबईची चार मुलं तिच्याखाली नाचत होती. बाजूच्या कातळावर माझं शेवाळ होतं, गेल्या वर्षी होतं तिथंच, ओल्या पंच्यासारखं पसरलेलं. आबांनी त्याला हात लावण्याआधी नमस्कार केला. मग सुटे झालेले, तळहाताएवढे चपटे दगड शोधून, शेवाळासकट अलगद उचलले. कातळावरूनच झिरपणारं पाणी त्यांनी बरोबर आणलेल्या स्वतःच्या कळशीत घेतलं आणि दगड एकावर एक न दाबता, मधे सागाची पानं घालून आत रचले. तोंडावर आपल्या धुतलेल्या धोतराची पांढरी चिंधी बांधली.

"कळशी घेऊन जा," ते म्हणाले.

"मग तुम्ही पाणी कशातून पिणार?"

"तांब्या हाय. तू परत आनशील तवर चालंल."

गेली तीस वर्षं त्या कळशीला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता, हे मला अनुसयाबाईंनी निघताना सांगितलं. त्यांनी वाटेसाठी भाकरी आणि चटणी बांधून दिली. मासे दिले नाहीत. त्यांनी ते आपण होऊन टाळलं, याचं मला फार वाटलं.

चौक ते खालापूर

घाटात दरड कोसळून आगगाड्या थांबल्या होत्या आणि पळसदरीकडचा रस्ता पाण्याखाली होता. म्हणून चौकला वळसा घालून, खालापूर, खोपोलीवरून एसटीनं जायचं ठरलं. गाडी खच्चून भरलेली. मी कळशी पायाशी ठेवली न ठेवली तोच चौकला एक मासेवाल्या बाई चढल्या आणि त्यांनी आपली पाटी थेट तिच्या शेजारी ठेवली. गाडी हलली तशी पाटीतून पाण्याची धार माझ्या चपलेखालून कळशीकडे निघाली.

मी कळशी दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरली आणि उभी राहिले. भरलेल्या कळशीचं वजन काय असतं ते बायकांना सांगायला नको. वळणावर मला धरायला काहीच नव्हतं. कंडक्टर म्हणाला, "ताई, खाली ठेवा ना." मी म्हटलं, "खाली ठेवायची नाही." माझा आवाज रडवेला होता, गुडघ्यावर रक्त सुकलं होतं, आणि कळशीच्या तोंडावर पांढरी चिंधी होती.

एका गृहस्थांनी उठून मला जागा दिली. मासेवाल्या बाईंनी चटकन पाटी ओढून मागं नेली, पदरानं जमीन पुसली, आणि परत येऊन खालच्या आवाजात विचारलं, "कोन गेलं गं बाय?"

त्यांना कळशीत अस्थी वाटल्या होत्या. मला हसू यायला हवं होतं. पण तीन दिवसांच्या धास्तीपुढे ते आलं नाही. "सांगायला वेळ लागेल," एवढंच मला म्हणता आलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवायला उचलला, आपला हात ओला आहे हे बघितलं, आणि परत घेतला. खालापूरला उतरताना त्यांनी कळशीला लांबून नमस्कार केला. खोटेपणानं सहानुभूती घेतली म्हणून मी पुण्यापर्यंत खजील होते.

पुणे

शेवाळ जिवंत पोचलं. प्रयोगशाळेतच कापलं, धुतलं, भिंती वेगळ्या केल्या, आम्लात शिजवल्या. मधल्या दिवसांत मी गेल्या वर्षीच्या उरलेल्या भुकटीची बाटली काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. पहिल्या दोन वेळा काही दिसलं नाही. तिसऱ्या वेळी कडेला एक कपची दिसली, तिच्यावर झाडाच्या कापलेल्या बुंध्यावर असतात तशी वर्तुळं. मासे खाल्लेल्या माणसाला खवला ओळखायला पुस्तक लागत नाही.

तरी मी आशा सोडली नव्हती. खवला एक असेल, बाकी रंग शेवाळाचा असेल. शेवटच्या दिवशी औषध घालून नळी उजेडाकडे धरली. सर शेजारी उभे होते. नळी जवळजवळ पाण्यासारखी राहिली. नीट बघितलं तर कुठं तरी फिकट गुलाबी असल्याचा भास, तोही कदाचित मलाच होत होता. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"चौथं प्रकरण गेलं," मी म्हटलं.

"गेलं," सर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "बाकीची नेच्यांची प्रकरणं बिनबर्फाची आहेत ना?" ती तशीच होती, नेचे मी पुण्याजवळून ताजे आणले होते. प्रबंध उभा राहणार होता, फक्त त्यातलं जे मला सर्वांत प्रिय होतं ते नव्हतं. मी घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडले, आणि मग दोन महिन्यांत पहिल्यांदा सलग झोपले.

सकाळी अनुसयाबाईंना कार्ड टाकलं. लिहिलं की शेवाळात काही नव्हतं, गेल्या वर्षीचा रंग मासळीचाच होता. माझं एक प्रकरण गेलं. आता माझ्या हातांना कसलीच बंदी नाही, तेव्हा कळशी घेऊन येते आणि तुमच्या पंक्तीला बसून मासे खाते. आबांना नमस्कार.

उत्तर आठ दिवसांनी आलं, गावच्या मास्तरांच्या अक्षरात, पण बोलणं अनुसयाबाईंचंच.

"चि. ताईस आशीर्वाद. तुझं गेलं ते वाचून वाईट वाटलं. आबा म्हणतात, जे नव्हतंच ते गेलं कसं. मासे आता नाहीत, श्रावण लागला. गणपती झाले की ये, चार दिवस राहा. वेगळं ताट मांडणार नाही. कळशी आण. बर्फ आणू नको."